तुझे पॉइंट्स मी न विचारता परत केले

प्रिय गुरुजी,

सहा आठवडे झाले, तुला काही लिहिलं नाही. तुझा फोन आला तेव्हा दोनदा "मीटिंगमध्ये आहे" म्हणालो. मीटिंग वगैरे काही नव्हती, तुझ्याशी बोलायची हिंमत होत नव्हती. आई बरी आहे, प्लॅस्टर निघालं, वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते, बीपी ठीक. आता मुद्द्याचं. तुला रागवायचंय तेवढं रागव, पण शेवटपर्यंत वाच.

आईचं ताईकडं जायचं विमानाचं तिकीट मी कॅन्सल केलं. तुझ्या अकाउंटमधले एअरलाइनचे पॉइंट्स देऊन काढलेलं. तुला न विचारता.

आई पडली त्या रात्री तू फोनवर म्हणाला होतास, "तिकिटाचं आत्ता डोक्यात आणू नकोस, ते नंतर बघू." ते "नंतर बघू" मी ऐकायला हवं होतं. डॉक्टरांनी तीन महिने विमानप्रवास नाही म्हणून सांगितलं आणि फ्लाइटला अकरा दिवस राहिले होते. मी कुठंतरी वाचलं होतं की कॅन्सल न करता नुसतं गेलं नाही तर नो-शो लागतो आणि रिवॉर्ड तिकिटाचे, म्हणजे पॉइंट्सवर काढलेल्या तिकिटाचे, पॉइंट्स बऱ्याच ठिकाणी सगळेच जातात. ते खरंच आहे, तूपण सांगितलं होतंस. पण अकरा दिवस म्हणजे भरपूर वेळ असतो हे त्या हॉस्पिटलच्या बाकावर रात्री दोन वाजता मला कळत नव्हतं. फोन काढला, पीएनआर टाकला, आडनाव टाकलं, "खात्री आहे का" विचारलं त्यावर हो दाबलं आणि संपलं. स्क्रीनवर आलं की ४५,००० पॉइंट्स ज्या अकाउंटमधून गेले त्याच अकाउंटला परत जातील आणि टॅक्सचे पैसे ज्या कार्डवरून भरले त्या कार्डवर. म्हटलं चला, तुझं तुला मिळालं. खरं सांगतो, त्या रात्री तेवढ्या एका गोष्टीनं मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मेल नीट वाचला. बुकिंगवर ईमेल माझा होता म्हणून तो मला आला, तुला आला नसणार. खाली बारीक अक्षरात: परत आलेल्या पॉइंट्सची मूळ मुदतच कायम राहील, मुदत उलटलेले पॉइंट्स वापरता येणार नाहीत.

मग तुझी पॉइंट्सची शीट उघडली. तीच, जिच्यावरून मी तुला सात वर्षं चिडवतोय. एका मुदतीच्या पॉइंट्सचा प्रत्येक लॉट वेगळ्या ओळीत, पुढं मुदत संपायची तारीख, जवळ आलेल्याला पिवळा रंग. २८,००० चा लॉट पिवळा, ३० जून. मी कॅन्सल केलं ४ जुलैला. चार दिवस रे. उरलेले १७,००० पुढच्या वर्षापर्यंत आहेत, ते तुझ्याकडं नीट आले असतील. पण ते २८,००० परत येताक्षणी मेले.

बुकिंग करताना जुने पॉइंट्स आधी कापले जातात, म्हणून तर तू एवढी घाई केलीस, "मुदत संपायच्या आत वापरून टाकू, काकूच्या तिकिटात गेले की सुरक्षित". आणि ते सुरक्षितच होते! तिकीट निघालं तेव्हा ते जिवंत होते ना, मग तिकिटात बसलेले असताना वरून तारीख गेली तरी काही बिघडत नव्हतं. मी कॅन्सल न करता तारीख पुढं ढकलायला हवी होती. तिकीट साधारण काढल्यापासून वर्षभर चालतं, पुढच्या तीन-चार महिन्यांत त्याच मार्गावर रिवॉर्ड सीट मिळाली असती तर पॉइंट्सना हातही लागला नसता. हे तुला विचारलं असतं तर तू अर्ध्या मिनिटात सांगितलं असतंस. मला आज तेच खातंय.

कारण ते २८,००० कुठले आहेत हे मला माहितीये. त्या वर्षी तू दर शुक्रवारी रात्रीची फ्लाइट पकडायचास आणि रविवारी रात्री परत, काकांच्या, तुझ्या बाबांच्या, शेवटच्या सात-आठ महिन्यांत. तू कधी बोलला नाहीस त्यावर, एकदाच म्हणालास की हे पॉइंट्स मला स्वतःसाठी वापरवत नाहीत. आणि मग ताईला मुलगी झाली तेव्हा तूच फोन केलास, "बाबांना कुठं जाता आलं नाही, काकूला जाऊ दे." मला दुसऱ्या कुणाला हे सांगता पण येत नाही. ऑफिसमध्ये एकाला सांगितलं तर तो म्हणाला पॉइंट्सच तर आहेत. त्याच्याशी पुढं बोललोच नाही.

नंतर मी काय काय केलं ते सांगतो म्हणजे तू परत तेच करायला नको. आधी ज्यांचं विमान होतं त्यांना फोन केला. चाळीस मिनिटं होल्डवर. ते म्हणाले आम्हाला फक्त सीट दिसते, तिकीट आमचं नाही, ज्या एअरलाइनच्या पॉइंट्सच्या प्रोग्राममधून काढलंय त्यांच्याशी बोला. मग तुझं आठवलं, तिकिटाच्या १३ आकड्यांपैकी पहिले ३ बघ, ते कुणी इश्यू केलं ते सांगतात. तू हे सांगत होतास तेव्हा मी मॅच बघत होतो आणि तू टीव्ही बंद केला होतास आणि आपलं भांडण झालं होतं. आकडे बघितले, दुसरेच निघाले. मग योग्य ठिकाणी फोन. बाई चांगल्या होत्या, सगळं ऐकून घेतलं, आईची चौकशी केली, पण अकाउंट तुझं असल्यामुळं बॅलन्ससुद्धा सांगता येत नाही म्हणाल्या. पॉइंट्स पुन्हा चालू करायची विनंती फक्त मेंबर करू शकतो. मी म्हटलं मग तीच सीट परत द्या, तारीख बदलतो. ती सीट रिवॉर्डमध्ये परत आलीच नव्हती, पैसे भरून घेणाऱ्यांसाठी मात्र दिसत होती. कॅन्सल केलेली सीट परत रिवॉर्डच्याच कोट्यात जाईल असं काही नसतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

अमेरिकेतल्या एअरलाइन्सपैकी डेल्टाचे माइल्स, म्हणजे त्यांचे पॉइंट्स, २०११ पासून आणि युनायटेडचे २०१९ पासून एक्स्पायरच होत नाहीत, अमेरिकनचे २४ महिने अकाउंटमध्ये काही हालचाल नसेल तरच जातात, हे तुझं पाठ मला आता झोपेतपण येतं. आपल्याला नेमका ठरलेल्या तारखेवाला प्रोग्राम मिळाला. तुझ्या लग्नात आठवतंय का, फोटोग्राफर खोळंबलाय आणि तू स्टेजवर माझ्या मामाला सांगतोयस की १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सनं ॲडव्हान्टेज हा त्यांचा पॉइंट्सचा प्रोग्राम सुरू केला, आणि मामा शांतपणे म्हणाला, "असं का, बरं नवरी कुठाय?" वहिनी अजून सांगते ते सगळ्यांना.

आणि क्रेडिट कार्डचे पॉइंट्स मी बोनसच्या नादात सीट न बघता एअरलाइनला ट्रान्सफर केले होते ते भांडण मला आता मान्य आहे. एकदा गेले की कार्डवर परत येत नाहीत, तूच बरोबर होतास. चार महिने बोलला नाहीस ते मात्र अजून मान्य नाही.

आता काय करायचं. तू स्वतः फोन कर किंवा अकाउंटमधून लॉगिन करून लिही. मेडिकल कारणासाठी कॅन्सल केलं, बुकिंग मुदतीच्या आत झालं होतं, पॉइंट्स पुन्हा चालू करा, एवढंच. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि डिस्चार्ज कार्ड मी स्कॅन करून ठेवलंय, आईनं सही केलेलं पत्रपण आहे. काही प्रोग्राम फी घेऊन मेलेले पॉइंट्स जिवंत करतात. तसं म्हणाले तर फी मी भरणार, त्यावर वाद नको. उशीर करू नकोस, अशा विनंतीला बहुतेक मुदत असते आणि सहा आठवडे मी आधीच घालवलेत.

आणि नाही म्हणाले तर माझ्या अकाउंटमधून तुमच्या तिघांची तिकिटं काढणार. आईबरोबर जायचं माझं तिकीटपण कॅन्सल केलं ना, ते पॉइंट्स नीट परत आलेत, माझी मुदत पुढच्या वर्षाची आहे. तुझ्या अकाउंटला ट्रान्सफर करत नाही, त्यात फी जाते, सरळ तुमच्या नावानं काढतो. काकांच्या पॉइंट्सची भरपाई यानं होत नाही हे मला कळतं. तरी घे.

नवीन नोकरी कशी आहे? रात्रपाळी संपली का? वहिनीचा निकाल लागला असेल ना, मी विचारलंसुद्धा नाही. पिल्लूचा फोटो आईला दाखवला, ती म्हणाली डोळे काकांवर गेलेत. ताई व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवते रोज, आई स्क्रीनला हात लावते. आईला अजून वाटतंय की तिकीट तसंच आहे, बरी झाली की निघायचं. तिला खरं सांगितलेलं नाही.

त्यांना फोन करायच्या आधी मला कर, कितीही वाजलेले असू देत. तिकीट नंबर आणि कॅन्सल केल्याचा मेल समोर घेऊन बसतो, तुला वाचून दाखवतो. या वेळी उचलतो.

तुझाच