बागेतला भोपळ्याचा वाफा काढण्याआधी

प्रति,
माननीय अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
यांसी

विषय : सामायिक बागेतील भोपळ्याचा वाफा काढून टाकण्याच्या निर्णयाचा फेरविचार करण्याबाबत

माननीय अध्यक्ष महोदय,

सप्रेम नमस्कार.

फलकावर लावलेली सूचना काल वाचली. येत्या रविवारी भोपळ्याचा वाफा साफ करून तिथे फरशी बसवायची, असं तिच्यात म्हटलं आहे. कारणं तीन दिली आहेत. वेलाला फळ धरत नाही, वेल वाटेवर पसरतात आणि त्यावरून सभासदांत वाद होतात. यातली दुसरी आणि तिसरी तक्रार खरी आहे, ती मी नाकारत नाही. पहिली मात्र खरी नाही, आणि वाफा काढायचं ठरलं ते मुख्यतः तिच्यावरूनच. म्हणून रविवारच्या आधी हे पत्र देत आहे. पत्र लांबलं आहे, तरी कृपया पूर्ण वाचावं.

सुरुवात फुलांपासून करते. वेलांना फुलं आली, तेव्हा पहिले दहा-बारा दिवस एकही फळ दिसलं नाही. काही जणांनी तेव्हाच वेल वांझ ठरवून टाकले. पण भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात आणि बहुतेक वेळा नर फुलं आधी येतात. नर फूल लांब, बारीक देठावर उभं असतं. मादी फुलाचा देठ आखूड असतो आणि पाकळ्यांच्या खाली सुपारीएवढा इवलासा भोपळा कळीपासूनच दिसतो. आपल्या वेलांना मादी फुलं आली, भरपूर आली. पण तो इवलासा भोपळा तीन-चार दिवसांत पिवळा पडायचा, टोकाकडून मऊ व्हायचा आणि गळायचा. असे एकोणीस मी स्वतः मोजले आहेत.

ते का गळाले, हे आता मला कळलं आहे. भोपळ्याचा पराग जड आणि चिकट असतो, तो वाऱ्याने उडत नाही. मधमाशी नाहीतर भुंगा नर फुलावरून मादी फुलावर गेला, तेही एकदा नाही तर अनेकदा, तरच फळ धरतं. त्यासाठी वेळ मिळतो तो फार थोडा. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. त्या फुलाला दुसरा दिवस नसतो. आणि नेमक्या त्याच वेळेला, सकाळी साडेसहा-सातला, आपल्या बागेत कीटकनाशकाची फवारणी होते. कुंपणाच्या झाडांवर पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड आहे म्हणून ती सुरू झाली, हे मला माहीत आहे. फवारणी करणाऱ्या माणसाची यात काही चूक नाही. त्याला सकाळची वेळ दिली होती, ती त्याने पाळली. पण तो मधे दहा-बारा दिवस रजेवर होता, तेव्हा फुलांत मधमाश्या पुन्हा दिसू लागल्या. तो परत आल्यावर फवारणी सुरू झाली आणि त्या गेल्या. हे मी रोज खाली उतरून पाहिलं आहे.

तेव्हा तळमजल्यावरच्या आजींनी सांगितलं, "माशी येत नाही ना, मग आपण माशीचं काम करू." त्यांना गुडघ्यांमुळे खाली वाकता येत नाही, म्हणून त्या स्टूल घेऊन वाफ्याच्या कडेला बसल्या आणि हाताने पराग कसा लावायचा ते मला शिकवलं. नुकतंच उमललेलं नर फूल देठासकट खुडायचं. पाकळ्या सोलून टाकायच्या, की मधला पिवळा दांडा उरतो. त्याला बोट लावलं की हळदीसारखी पूड चिकटते. मग तो दांडा मादी फुलाच्या आतल्या गोळ्यावर, जो तीन भागांत विभागलेला असतो, त्याच्या तिन्ही बाजूंना लागेल असा हलकेच फिरवायचा. आजी म्हणाल्या, "घासायचं नाही, टेकवत जायचं." पाच सकाळी मिळून आम्ही अकरा फुलांना असा पराग लावला आणि प्रत्येकाच्या देठाला लाल दोरा सैल बांधून ठेवला. त्या अकरांतली सात फळं धरली. त्याच दिवसांत ज्या मादी फुलांना आम्ही हात लावला नाही, त्यांतलं एकही धरलं नाही. वेल वांझ असते तर ही सात फळं आली असती का?

रोगाबद्दलही समितीत बोलणं झाल्याचं कळलं. पानांवर पांढरे डाग दिसतात म्हणून वेल रोगट आहेत, असं कुणीतरी सांगितलं. तांबड्या भोपळ्याच्या कित्येक वाणांच्या पानांवर शिरांच्या कोपऱ्यांत असे रुपेरी डाग जन्मजातच असतात. भुरी नावाचा रोग वेगळा. तिच्यात पानावर पिठासारखा थर येतो आणि बोटाने पुसला की निघतो. आपल्या वाफ्यात खालची चार-पाच जुनी पानं भुरीची होती, ती मी काढून टाकली. बाकीची पानं निरोगी आहेत. शंका असेल त्यांनी बोटाने पुसून पाहावं.

आता वाटेवरच्या पसाऱ्याबद्दल. इथे चूक माझी आहे आणि ती मी मान्य करते. बारा फूट बाय दहा फुटांच्या वाफ्यात मी सहा वेल ठेवले. बी उगवलं तेव्हा रोपं इतकी लहान होती की उपटायला हात धजेना. पण भोपळ्याचा एक वेल सहज पंधरा फूट धावतो, काही त्याहूनही लांब जातात. तेवढ्या जागेत दोन वेल पुरे होते. त्यात मी ओल्या कचऱ्याचं खत आळ्यात वारेमाप घातलं. खतातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, जास्त झालं की वेल पानांनी माजतो आणि फुलांकडे, फळांकडे त्याचं लक्ष राहत नाही, हे मला आधी माहीत असायला हवं होतं. पुढच्या वेळी दोनच वेल ठेवायचे, वाटेकडची बाजू विटांनी आखायची, आणि एका वेलावर दोन-तीन फळं नीट धरली की शेंडा खुडायचा. शेंडा खुडला की वेल धावायचा थांबतो आणि त्याची ताकद धरलेल्या फळांत जाते.

मात्र एक विनंती सर्वांना आहे. वेल वाटेवर आला तर तो उचलून आत फेकू नये. जमिनीवर टेकलेल्या पेरांतून भोपळा नवी मुळं सोडतो आणि त्या मुळांवरही वेल पोसला जातो. मागच्या महिन्यात कुणीतरी गाडी काढताना अडचण झाली म्हणून अख्खा वेल ओढून दुसरीकडे टाकला. पेरांची मुळं तटातट तुटली आणि दुपारपर्यंत तो वेल मान टाकून पडला होता. त्यावरची दोन धरलेली फळं सुकली. मला हाक मारली असती तर मी त्याच मिनिटाला येऊन शेंडा वळवला असता. कोवळा शेंडा अलगद वळवला तर वळतो.

वादाबद्दल लिहिताना मन खरंच जड होतं. सात फळांपैकी दोन अशी सुकली, आणि उरलेल्यांतलं सर्वांत मोठं कुणीतरी एका रात्री तोडून नेलं. देठ कापलेला नव्हता, पिळून तोडला होता. दुसऱ्या दिवशी तोच भोपळा चिरून कचऱ्याच्या डब्यात पडलेला सापडला. आतला गर फिका, पाणचट होता आणि बिया कागदासारख्या चपट्या. फळ जेमतेम पंचवीस दिवसांचं होतं. कुणी नेलं याचा शोध मला घ्यायचा नाही आणि समितीनेही घेऊ नये. पण त्याला किंवा तिला फळ तयार झालं की नाही हे ओळखता येत नव्हतं, आणि ते सांगणारी पाटी वाफ्यावर नव्हती, हे मला लागून राहिलं आहे. भोपळा धरल्यापासून पिकायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. तयार फळाच्या सालीत नख रुतत नाही. सालीवरची चकाकी जाऊन ती मंद दिसते. देठ हिरवा राहत नाही, सुकून बुचासारखा होतो. मग फळ देठाचा बोट-दोन बोटं लांब तुकडा ठेवून सुरीने कापायचं, कारण देठ मुळापासून निघाला तर तिथूनच कूज आत शिरते. कापल्यावर दहा-बारा दिवस उबदार, कोरड्या जागी ठेवलं की साल आणखी घट्ट होते आणि फळ महिनोन्महिने टिकतं.

वाटणीचा प्रश्नही यातूनच सुटतो, असं मला वाटतं. अख्खा भोपळा टिकतो, पण एकदा चिरला की थोड्याच दिवसांत संपवावा लागतो, आणि एवढा मोठा भोपळा एका घरात संपत नाही. सामायिक बागेसाठी याहून योग्य फळ मला तरी दिसत नाही. टोमॅटो कुणी जाता-येता खिशात घालतं, मिरची कुणी चार तोडून नेतं, त्यांची वाटणी कशी करणार? भोपळा एक दिवस ठरवून, सर्वांसमोर कापता येतो आणि फोडी करून घरोघरी देता येतात. राबणाऱ्यांना जास्त वाटा द्यावा अशी एक सूचना आली आहे. मी स्वतः राबणाऱ्यांतली असूनही तिला माझा विरोध आहे. पाणी सर्वांच्या टाकीतलं आहे, खत सर्वांच्या ओल्या कचऱ्याचं आहे आणि जमीन तर सर्वांची आहेच. वाटा सारखाच असावा.

डास आणि उंदरांची भीती काही पालकांनी बोलून दाखवली. ती रास्त आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. तेव्हा वाफ्याजवळचं पिंप झाकणाचंच हवं. आत्ताच्या पिंपाला झाकण नाही, ते मी या आठवड्यात माझ्या खर्चाने बसवते. वेलाला पाणी सकाळी आणि मुळाशी द्यायचं, पानांवर नाही. उंदीर येऊ नयेत म्हणून गळलेली, किडकी फळं त्याच दिवशी उचलायची. फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतून फळ पोखरतात आणि मग मातीत उतरून कोष करतात. त्यामुळे असं फळ खतखड्ड्यात टाकायचं नाही, पिशवीत घट्ट बांधून बाहेर द्यायचं. फवारणीऐवजी फळमाशीला वासाने ओढून अडकवणारे गंधसापळे टांगले तर मधमाश्यांना त्रास होत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या वर्षीचं बी कुणाच्या तरी घरच्या भोपळ्यातलं होतं, त्याचा वाण कोणता हे कुणालाच माहीत नाही. मधमाशी जवळपासच्या दुसऱ्या वाणाचा पराग आणते. त्याने त्या वर्षीचं फळ बदलत नाही, पण त्यातल्या बियांत मिश्रण होतं. शोभेच्या कडू वाणाशी असं मिश्रण झालं तर पुढच्या वर्षी येणारं फळ कडू निघू शकतं, आणि भोपळ्याचा तो कडवटपणा विषारी असतो, शिजवल्यानेही जात नाही. म्हणून पुढच्या हंगामात बी पाकीटबंद, माहीत असलेल्या वाणाचंच आणावं. आणि फळ कापायच्या दिवशी प्रत्येक भोपळ्याची एक कच्ची चकती आधी मी चाखून, कडू लागली तर लगेच थुंकून, अख्खं फळ बाजूला काढीन. त्याशिवाय वाटणी करणार नाही.

तर समितीला माझी मागणी अशी. वाफा आणखी एक हंगाम राहू द्यावा. बी पेरल्यापासून फळं उतरेपर्यंत साधारण चार महिने लागतात, तेवढाच काळ मागते आहे. वाफ्याची जबाबदारी "सर्वांची" असं न म्हणता एका माणसाच्या नावावर लिहून ठेवावी. यंदा सगळ्यांचा वाफा म्हणता म्हणता पाणी कधी तीनदा घातलं गेलं आणि कधी चार दिवस कुणीच घातलं नाही. दुसरं कुणी पुढे आलं नाही तर माझं नाव लिहावं. कुंपणाची फवारणी बंद करा असं मी म्हणत नाही, पण ती संध्याकाळी, फुलं मिटल्यावर आणि वारा नसताना व्हावी आणि आदल्या दिवशी फलकावर कळवावं. वाफ्यावर आणि त्यालगतच्या कुंपणावर मात्र ती अजिबात नको, तिथला पिठ्या ढेकूण मी साबणाच्या पाण्याने धुऊन काढीन. पुढच्या हंगामातही वेल वाटेवर आले किंवा वाद झाले, तर फरशी बसवायला पहिली सही माझी असेल.

आणि निर्णय काहीही होवो, येत्या रविवारी वेल उपटू नयेत. चार फळं अजून वेलावर आहेत. लाल दोऱ्यांवरून मी दिवस मोजते आहे, त्यांना आणखी तीन आठवडे हवेत. आजी रोज सकाळी स्टूल घेऊन त्यांच्याजवळ बसतात. उद्या सकाळी साडेसहाला मी वाफ्याजवळ असेन. आज संध्याकाळी एक मादी कळी टोकाशी पिवळी झालेली दिसली, म्हणजे ती उद्या उमलेल. आपण दहा मिनिटं खाली यावं, ती आपल्याला दाखवायची आहे.

आपली नम्र,
दुसऱ्या मजल्यावरील एक सभासद