चि. मृण्मयीस, मालदीवला निघण्यापूर्वी

ता. भद्रावती, जि. चंद्रपूर

चि. मृण्मयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मालदीवला गेल्यावर व्हेल शार्कसोबत पोहण्याचे तू ठरवले आहेस, हे ऐकून तुझ्या आईच्या पोटात गोळा आला; मला मात्र मनापासून आनंद झाला. हा मासा शार्कच्या कुळातला असला तरी पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, माणसाच्या वाटेला जात नाही, हे मी तिला समजावून सांगितले आहे. माझी काळजी निराळी आहे. माणसांमुळे त्या माशाचे काय होते, याची ती काळजी आहे.

ताडोब्यात गाइडचे काम करताना उन्हाळ्यात एक गोष्ट वारंवार दिसते. तहानलेली वाघीण पाणवठ्याकडे निघालेली असते आणि तेवढ्यात एकामागून एक सफारीच्या जिप्सी गाड्या येऊन तिच्या व पाण्याच्या मध्ये उभ्या राहतात. ती अंगावर येत नाही, डरकाळीही फोडत नाही. कान मागे पाडते, क्षणभर थांबते आणि पाणी न पिताच बांबूत परत शिरते. गाडीतली माणसे आनंदाने फोटो पाहत बसतात, कारण त्यांच्या लेखी काहीच बिघडलेले नसते.

व्हेल शार्कही त्रासला की असेच मुक्याने सांगतो. तो एकाएकी वळतो, पाठ तुमच्याकडे करून कलतो किंवा सरळ खोल निघून जातो. तो खोल गेला की भेट संपली असे समज. त्याच्या मागे बुडी मारू नकोस आणि त्याच्या तोंडासमोर तर कधीच जाऊ नकोस. ऑस्ट्रेलियातील निंगालू येथे एका माशाभोवती एका वेळी १० पेक्षा जास्त पोहणाऱ्यांना परवानगी नाही, शिवाय अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर दूर राहावे लागते. तू जाशील तिथे कुणी हे अंतर सांगितले नाही, तरी तू ते पाळ. शेपटीचा फटका मोठा असतो, म्हणून हे अंतर तुझ्यासाठीही आहे.

आणखी एका गोष्टीचा मला फार राग येतो, ती म्हणजे खाऊ घालून प्राणी जमवणे. फिलिपिन्समधील ओस्लोब येथे नावाडी व्हेल शार्कना बारीक कोळंबी टाकतात. पर्यटकांना दर्शनाची हमी मिळते, पण मासे होड्यांना चिकटून राहू लागतात, त्यांची अंगे खरचटतात आणि पुढे दुसरीकडेही ते होडी पाहून जवळ येण्याची भीती असते. होड्यांच्या इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांनी झालेल्या जखमांचे वण जगभरच्या कितीतरी व्हेल शार्कच्या अंगावर दिसतात. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून हा मासा वाघाच्याच अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार जाळ्यात सापडलेला व्हेल शार्क सोडवण्यासाठी स्वतःचे जाळे कापतात. पोटापाण्याचे साधन कापणाऱ्या त्या माणसांविषयी मला अपार आदर वाटतो.

डॉल्फिनच्या मागे बोट पळवणाऱ्यांना स्पष्ट नकार दे. स्पिनर डॉल्फिन रात्री शिकार करतात आणि दिवसा उथळ पाण्यात विसावतात. त्यांची ही झोप मोडते म्हणूनच हवाईमध्ये २०२१ पासून त्यांच्या सुमारे ४५ मीटरच्या आत पोहण्यास बंदी आहे. कासव श्वासासाठी वर येत असेल तर त्याची वाट अडवू नकोस. मांटा रे हा मोठा चपटा मासा अगदी जवळून गेला तरी हात लावू नकोस, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचे रोगांपासून रक्षण करतो.

तू आपल्या इरई नदीच्या पाण्यात पोहायला शिकलीस, पण समुद्राला ओढ असते आणि लाटेत दम लवकर लागतो. लाइफ जॅकेट घालण्यात कमीपणा मानू नकोस. पैसे देण्यापूर्वी बोटवाल्याला तीन गोष्टी विचार: खाऊ घालता का, एका वेळी किती जण उतरवता, आणि मासा दिसला नाही तर काय करता. ‘काहीही करून दाखवतोच’ असे उत्तर आले, तर दुसरी बोट बघ; आगाऊ रक्कम बुडाली तरी चालेल, ती मी पाठवीन.

तुझे,
बाबा