एकच पाठ दोनदा घेऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत डी.एल.एड.ची (प्राथमिक शिक्षक पदविकेची) एक छात्राध्यापिका आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या सरावासाठी, आली आहे. तिची मार्गदर्शक शिक्षिका मी. पाचवीला बाष्पीभवन शिकवायचं म्हणून तिनं काढलेलं टाचण (पाठाचा लेखी आराखडा) देखणं होतं. उद्दिष्टं, मिनिटांची विभागणी, मूल्यमापनाचे प्रश्न, सगळं जिथल्या तिथे. साहित्यात स्पिरिटचा दिवा आणि चंचुपात्र. "घरी करून पाहिलंस का?" एवढंच मी विचारलं. ती गप्प. (डी.एड.ला असताना मीही मोठ्या बहिणीच्या वहीतून टाचणं उतरवली होती, त्यामुळे रागवायला तोंड नव्हतं.)

पाठात पाणी उकळलं, वाफ निघाली, "हेच बाष्पीभवन" असं तिनं सांगितलं. मागून एक पोरगा उठला. "मॅडम, रात्री त सूर्य बी नसते, चूल बी नसते. मंग वल्ले कपडे कसे वायते?" टाचणात याचं उत्तर नव्हतं. तेवढ्यात घंटा झाली आणि ती सुटली.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बसलो. पाणी उकळतं ते 100 अंश सेल्सिअसला आणि सगळीकडून. बाष्पीभवन मात्र नुसत्या पृष्ठभागावरून, कोणत्याही तापमानाला. हे तिला तोंडपाठ होतं, पण ओल्या कपड्याशी कधी जोडून पाहिलं नव्हतं. मग माठाचा विषय तिनंच काढला. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. इथे माठाला वर्षभरात बाहेरून पांढरा थर चढतो आणि पाणी गार होईनासं होतं. क्षार छिद्रांत बसतात, पाणी पाझरत नाही. पाझरलंच नाही तर उडणार काय आणि गारवा कुठून येणार?

तिला एक जुना आणि एक नवा माठ मांडून तोच पाठ पुन्हा घ्यायचा होता. पण तिच्या अध्यापक विद्यालयाच्या हिशेबात तोच पाठ दुसऱ्यांदा धरत नाहीत, सरावपाठांची ठरलेली संख्या भरायची तर रोज नवा घटक हवा. शेवटी शनिवारचा माझा तास मी तिला दिला. मुलांनी दोन्ही माठांना हात लावले, पाणी पिऊन पाहिलं, भांडलीसुद्धा. एका मुलीनं विचारलं, "मंग पावसाळ्यात कूलर थंडी हवा काऊन नाही देत?" हेही टाचणात नव्हतं. या वेळी मॅडमनं घंटेची वाट पाहिली नाही. "पावसाळ्यात कपडे लवकर वायते का?" असा उलटा प्रश्न टाकला. हवेतच पाणी भरलेलं असतं, इथवर पोरं आपली आपण पोचली.

माझी मागणी फार मोठी नाही. फसलेला पाठ दुरुस्त करून पुन्हा घेतला तर तोही संख्येत धरावा. आणि पाठनिरीक्षणाच्या तक्त्यात फलकलेखन, आवाज, वेळेचं नियोजन यांना रकाने आहेतच, तिथे 'मुलांनी काय विचारलं' हा एक रकाना वाढवावा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. दर्यापूर, जि. अमरावती