दोरी गेली कुठे? शैलूस पत्र

प्रिय शैलू,

तुझं पत्र आणि तू केलेल्या मॅक्रमेच्या लटकनाचा (दोरीला गाठी मारून केलेली भिंतीवरची नक्षी) फोटो मिळाला. डावीकडे झुकलेलं, मधे कंबर आवळलेलं आणि खाली झालरीऐवजी चार बोटांची शेपटं. गाठी चुकल्या असं तू लिहितेस, पण फोटो मोठा करून बघितला तर गाठी ठीकच आहेत. चुकलंय मोजमाप आणि हाताची ओढ. तेव्हा हे उसवत बसू नकोस, नवीन घाल.

आधी दोरी. दुकानात मॅक्रमेची म्हणून जी चकचकीत नायलॉनची दोरी मिळते ती शिंकाळ्याला छान, भिंतीवरच्या कामाला नको. तिच्या गाठी सरकतात आणि टोकं पिंजून झालर होत नाही. सुती घे, ४ मिमीची, एकपेडी. तीनपेडी दोरीच्या गाठी जास्त रेखीव दिसतात, पण झालर सोडवताना प्रत्येक टोकाचा पीळ उलगडावा लागतो. सुती आहे का याची शंका आली तर टोक जाळून बघ. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो. १०० मीटरचं एकच बंडल घे. दोन वेळा आणलेला पांढरा कधी एक नसतो, आणि भिंतीवर गेल्यावर तो फरक दारातूनच दिसतो.

आता दोरी गेली कुठे ते. ६० सेंमीचं लटकन म्हणून तू दीड मीटरच्या दोऱ्या कापल्यास. दांडीवर दुमडल्यावर त्यांचे पाऊण पाऊण मीटरचे दोन धागे झाले, आणि गाठींनी ते खाल्ले. बहुतेक जण सांगतात, तयार लांबीच्या आठपट कापा (दुमडून चौपट). त्याने कमी पडत नाही हे खरं, पण झालर गाठी खात नाही, तिला तिच्याच लांबीएवढा दोरा लागतो. म्हणून हिशोब वेगवेगळा कर. ४ मिमीच्या दोरीत एका पूर्ण स्क्वेअर नॉटला (चार धाग्यांची गाठ, बाहेरचे दोन मधल्या दोघांभोवती बांधायचे) बाहेरचा प्रत्येक धागा साधारण ६-७ सेंमी खर्च होतो, मधले दोन जवळजवळ तसेच राहतात. डबल हाफ हिचच्या (ताणून धरलेल्या दोरीवर धागा दोनदा गुंडाळून मारायची गाठ) एका गाठीला ५ सेंमीच्या आसपास. पण माझ्या आकड्यांवर जाऊ नकोस, तुझा हात घट्ट आहे. एक-एक मीटरचे चार धागे घे, दहा गाठी मार आणि किती उरलं ते मोज. या दहा मिनिटांत पुढची सगळी रड वाचते.

मी सांगते त्या नक्षीला (वर जाळी, मधे आडवी ओळ, खाली टोकदार त्रिकोण) गाठींचा भाग ३६ सेंमी आणि टोकाखाली झालर २५. लटकनाच्या मध्यावरच्या धाग्यांना गाठींसाठी सुमारे ९० सेंमी लागतात, झालरीचे २५, आणि शेवटच्या गाठी मारताना हातात धरायला काहीतरी हवंच. म्हणजे दीड मीटरचा धागा, दुमडायची म्हणून ३ मीटरची दोरी. अशा २४ काप. ७२ मीटर झाले. शिवाय आडव्या ओळीला ६० सेंमीचा एक तुकडा आणि टांगायला ९० सेंमीचा एक.

दांडी ४० सेंमी लांब, २ सेंमी जाड, वाळलेली. ओली फांदी सुकताना आकसते, साल सुटते आणि वरचे सगळे फास सैल पडतात. पॉलिश पेपरने घासून घे. दांडी खिडकीच्या गजांना दोन्ही टोकांना घट्ट बांध, छातीच्या उंचीवर. तू ती मधोमध एका खिळ्याला टांगली होतीस ना? प्रत्येक ओढीला ती फिरते, आणि उजवा हात जोरकस असला की काम तिरकं जातं. झुकण्याचं कारण तेवढंच.

२४ दोऱ्या दांडीवर लार्क्स हेडने चढव: दुमडलेला फास दांडीमागून खाली, दोन्ही टोकं त्यातून ओढून घ्यायची. ४८ धागे लोंबतील, चारचाराचे १२ गट.

स्क्वेअर नॉट तुला येते, तरी तुझी एक पट्टी जिलबीसारखी पिळवटलीय. डावा धागा मधल्या दोघांवरून पुढून उजवीकडे ने. उजवा त्याच्यावरून घेऊन मधल्यांच्या मागून डाव्या फासातून काढ. आता दुसरा अर्धा उलट बाजूने. कोणती बाजू झाली ते विसरायला होतं, म्हणून धाग्याकडेच बघ: जो धागा पहिल्यांदा पुढून गेला, तोच दुसऱ्यांदाही पुढून जातो. त्याला कपड्याचा चिमटा लाव. दोन धागे आळीपाळीने पुढे यायला लागले की पीळ पडलाच.

पहिल्या ओळीत १२ गाठी. दुसरीत दोन्ही कडांचे दोन-दोन धागे सोडून ११. मग १२, ११, १२. या जाळीची गंमत अशी की एका ओळीत राबलेला धागा पुढच्या ओळीत मधे बसून विश्रांती घेतो, त्यामुळे सगळे सारखे संपतात. सरळ पट्टीत मात्र बाहेरचे दोनच धागे खर्ची पडतात, तिथे अधूनमधून मधल्यांशी अदलाबदल करावी लागते. ओळींमधलं अंतर डोळ्याने ठेवू नकोस, पुठ्ठ्याची १ सेंमीची पट्टी मधे धर. कंबर आवळली ती इथेच: गाठ मारताना तू धागे आतल्या बाजूला ओढतेस. ओढ खाली आणि सरळ बाजूला हवी. दर ओळीनंतर रुंदी मोज, पहिल्या ओळीपेक्षा १ सेंमीने जरी कमी भरली तर तीच ओळ उसव.

यानंतर डबल हाफ हिचची आडवी ओळ. ६० सेंमीचा तुकडा सगळ्या धाग्यांपुढून आडवा धर, दोन्हीकडे टोकं राखून. प्रत्येक धाग्याचं टोक पुढून वर उचल, आडव्या दोरीमागून खाली आण आणि डावीकडे झालेल्या फासातून पुढे काढ. तसंच पुन्हा एकदा, मग पुढचा धागा. आडवी दोरी सतत ताणलेली हवी. ती ढिली सोडून उभा धागा ताणलास की गाठ उलटते, आडवी दोरीच उभ्या धाग्याभोवती गुंडाळली जाते आणि ओळ नागमोडी दिसते.

मग त्रिकोण: १२ गाठींपासून दर ओळीला दोन्हीकडचे दोन-दोन धागे सोडत ११, १०, ९, असं मधल्या एका गाठीपर्यंत. सर्वांत डावा धागा उतरत्या कडेने मध्याकडे तिरपा धर आणि उरलेले २३ धागे त्यावर डबल हाफ हिचने बांध. उजवीकडूनही तसंच. मध्यावर एक तिरपा दुसऱ्यावर बांधला की टोक बंद. आडव्या दोरीची टोकं मागे वळवून सुईदोऱ्याने टाचून टाक.

झालर त्याच दिवशी कापू नकोस. दोन दिवस टांगून ठेव, सूत स्वतःच्या वजनाने उतरतं. मग पाणी शिंपडून धागे विंचर (कुत्र्याचा तारेचा ब्रश उत्तम, नाहीतर दाट कंगवा), वाळू दे, तिरपी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने काप. पिंजल्यावर बरंच सूत गळतं, खाली जुनी चादर अंथर. इटलीत जिनोआजवळच्या किआवारीत टॉवेलांच्या दशांना अशाच गाठी घालायची जुनी रीत आहे. आपण उपरण्याच्या दशा नुसत्या पिळून सोडतो!

तुमच्या चिपळूणच्या भिंती पावसात ओल धरतात, म्हणून दांडीमागे दोन्ही टोकांना बुचाचे तुकडे चिकटव, म्हणजे मागून वारा खेळेल. तरी आषाढात उतरवून कपाटातच ठेव. सुताला बुरशीचे काळे ठिपके पडले की ते धुऊन जात नाहीत, आणि धुतलं की झालर गुंतते ती वेगळीच.

पहिल्या पाच ओळी झाल्या की फोटो पाठव. मागच्या बाजूचाही हवा.

तुझी,
मीनू