आजीलाही आत बोलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

या उन्हाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, कोथरूडला आली होती. रुग्णालयातून घरी सोडायच्या दिवशी तिथल्या सिस्टरने तिला अर्धा तास बसवून बाळाची काळजी कशी घ्यायची ते नीट समजावलं. "बाकीच्यांनी बाहेर थांबा," असं आम्हाला सांगितलं. बाहेरच्या बाकावर मी आणि विहीणबाई बसलो. घरी गेल्यावर बाळाला काय चाटवायचं, कसं न्हाऊ घालायचं, कुठल्या कुशीवर निजवायचं हे सगळं ठरवणार होतो आम्ही दोघी.

माझी तयारी महिनाभर आधीच झाली होती. तुळशीबागेतून झबली-टोपडी आणली, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली, मोहरीची उशी केली, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड आणि सहाण मांडून ठेवली. लेक म्हणत होती, "आई, गुटी नको, मध तर नकोच." मी म्हटलं, तू याच गुटीवर वाढलीस. तिचं म्हणणं मी ऐकून घेतलं नाही.

दहाव्या दिवशी मालिशवाल्या बाईंनी बाळाच्या नाकात तेलाचे दोन थेंब सोडले. मीच सांगितलं होतं. बाळ ठसकलं, श्वास अडकला, ओठ निळसर दिसायला लागले. दुपट्यात गुंडाळून रिक्षाने दवाखाना गाठला. बाळ आज सुखरूप आहे, पण रिक्षातली ती दहा मिनिटं मला अजून रात्री जाग आणतात.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मला समोर बसवून कारणं सांगितली. माझ्याशी असं कुणीतरी आधी बोलायला हवं होतं. नाकातलं तेल फुफ्फुसात उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. आपल्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडत जातं. म्हणून वर्षभर मध नाही, सोन्याच्या अंगठीने एक थेंबसुद्धा नाही. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, म्हणजे गुटीही नाही आणि पाणीही नाही. पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की आपल्याला वाटतं, लेकराचा घसा सुकेल. पण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. तहान लागली तर बाळाला पुन्हा अंगावर घ्यायचं.

झोपेचं ऐकून मी सर्वांत जास्त चकित झाले. दूध उलटलं तर गुदमरेल या भीतीने आपण बाळाला कुशीवर निजवतो. खरं तर बाळ उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे उलटलेलं दूध तिच्यात सहज जात नाही. उताणं निजवायचं, गादी घट्ट हवी, उशी किंवा जाड गोधडी जवळ नको. मोहरीची उशी मी त्याच दिवशी उसवली. धुरीची शेगडीही बंद केली. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आपण तर दारं-खिडक्या लावून शेक देतो. काजळात शिसं असू शकतं, तेव्हा तेही गेलं.

सगळंच जुनं टाकायचं असंही नाही. हलक्या हाताची मालिश, मऊ सुती कपडे, बाळंतिणीला हळिवाचे लाडू आणि पुरेशी झोप, यावर डॉक्टरांनीही मान डोलावली.

आपल्या शहराबद्दल एक सांगते. दोघांच्या मध्ये ओढणीत गुंडाळलेलं तान्हं बाळ घेऊन दुचाकीवर जाणारी जोडपी मला रोज दिसतात. फेब्रुवारी २०२३पासून लागू झालेल्या नियमानुसार ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. त्याहून लहान बाळाला लसीकरणाला न्यायचं तर रिक्षा करा.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ दूध ओढेनासं झालं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, श्वासाबरोबर छाती आत जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला किंवा अंग गार पडलं, तर दृष्ट काढत बसू नका. लगेच दवाखान्यात न्या, वाहन नसेल तर १०८ला फोन करा.

माझी विनंती शहरातल्या सर्व प्रसूतिगृहांना आहे. ही माहिती देताना घरातल्या आजीला आत बोलवा, जमल्यास मालिशवाल्या बाईंनाही. नुसतं "हे करू नका" म्हणू नका, कारण सांगा. कारण कळलं की आम्ही ऐकतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बघायला आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्या आल्या की आज्यांनीही चहा ठेवायला आत न जाता शेजारी बसावं.

विहीणबाईंच्या धाकट्या लेकीचे आता दिवस भरत आले आहेत. घरी सोडताना आम्हा दोघींना आत बसू द्याल का, हे आम्ही तिच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं आहे.

आपली,
एक आजी, कोथरूड, पुणे