चि. नेल्सनला, पोर्क शिजवण्याविषयी

चि. नेल्सन यास अनेक आशीर्वाद.

तू स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारे ते विजेचे भांडे, घेतल्याचे रविवारी फोनवर कळले तेव्हा आम्हा दोघांनाही बरे वाटले. पण गोठवलेले मांस सकाळी तसेच भांड्यात टाकून तू कामावर निघून जातोस, हे ऐकल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. गेल्या महिन्यात पोट बिघडून तू अंथरुणाला खिळला होतास, हे आम्हाला लीना मावशीकडून कळले. तो विषय काढायचा नाही असे ठरवूनच लिहायला बसलो आहे, म्हणून सरळ पोर्ककडे वळतो.

मांस खांद्याचे आणि चरबीसकट घे. पाठीचा बिनचरबीचा तुकडा या भांड्यात कोरडा पडतो, उलट खांद्यातील चिवट पडदे मंद उष्णतेत तासन्‌तास राहून विरघळतात आणि रस्सा त्यांनीच दाट होतो. किलोभर मांसाचे दोन इंचांचे तुकडे करून ते पुसून कोरडे कर व आधी तव्यावर सगळीकडून तांबूस होऊ दे, कारण तो खमंगपणा स्लो कुकरमध्ये येत नाही. त्याच तव्यात कांदा, आले, लसूण आणि दोन मोठे चमचे बॉटल मसाला, म्हणजे बाटल्यांत भरून ठेवतो तो आपला घरचा मसाला, परतून घे आणि तळाला धरलेले सारे शिरक्याने सोडवून भांड्यात ओत. पाणी अर्धी वाटी पुरे, कारण झाकणाखाली वाफ कोंडलेली राहते आणि मांसालाही पाणी सुटते. बटाटे मांसाहून उशिरा शिजतात, म्हणून ते तळाशी घाल. 'लो'वर, म्हणजे सर्वांत मंद आचेवर, आठ तास ठेव आणि मध्ये झाकण उघडू नकोस. एकदा उघडले की वीस-तीस मिनिटे वाढतात.

आजी नाताळच्या आदल्या दिवशी पहाटेच इंद्यालचा, म्हणजे पोर्कच्या आंबट-तिखट रश्श्याचा, टोप चुलीवर चढवायची आणि उकळी आली की लाकडे बाहेर ओढून नुसत्या निखाऱ्यांवर तो ठेवायची. तू पाट घेऊन तिच्याशेजारी बसायचास. चरबीचा तांबडा तवंग वर आला की ती एक तुकडा पळीत काढून तुझ्यापुढे धरायची. तू बोटाने दाबलेस आणि त्याचे धागे सुटे झाले, तरच टोप उतरायचा. घरातला कोणीही मोठा माणूस तिला त्या कामासाठी चालत नसे.

गोठवलेल्या मांसाचे मात्र सांगायलाच हवे. ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, आणि बर्फाचा गोळा झालेले मांस या भांड्यात कित्येक तास त्याच टप्प्यात रेंगाळते. ते आदल्या दिवशीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेव. तुमच्या कॅनडाचे आरोग्य खाते पोर्कच्या तुकड्यांसाठी आतील तापमान ७१ अंश सांगते. तेवढ्यावर मांस निर्धोक होते, मऊ व्हायला नव्वदीच्या आसपास जावे लागते. एक थर्मामीटर विकत घे. उरलेले दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेव, आणि गरम करायचे ते गॅसवर, स्लो कुकरमध्ये नव्हे. कच्चा राजमाही त्यात कधी टाकू नकोस. त्यातले विष खळखळून उकळल्याशिवाय जात नाही.

मी पुन्हा शाळा भरवली, रागावू नकोस. खोलीतल्या तिन्ही मुलांना तू रांधून घालतोस हे तुझ्या आईने साऱ्या आळीला सांगितले आहे, आणि ती सांगत असताना मीही तिथून हललो नाही. पण उलट्या होत असताना तू एकटा पडून होतास, हे मनातून जात नाही. पुन्हा तसे झाले तर आमच्याकडे रात्र आहे की पहाट, हे न पाहता फोन कर.

लीना मावशीची मुलगी पुढच्या महिन्यात तिकडे येते आहे; तिच्याबरोबर या मे महिन्यात कुटलेला मसाला पाठवतो. थर्मामीटर घेतलास का ते कळव, आणि तब्येतीचे जे खरे असेल तेच लिही.

तुझा,
पप्पा