बाण काढा, मग बघू

संपादक महोदय,

मेडिकलच्या मुलांना हल्ली मायक्रोस्कोपऐवजी कंप्युटरवर स्लाइडी दाखवतात, अशाने डॉक्टर कच्चेच राहणार, असं आमच्या कट्ट्यावर रोज कोणीतरी म्हणतं. मी इंदूरला हिस्टोपॅथॉलॉजीचा टेक्निशियन होतो, म्हणजे पेशंटच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला, फॉर्मेलिनमधला तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचा चार-पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचा आणि रंगवायचा, नोकरीभर हेच केलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी जुन्या पद्धतीबद्दल खरं काय ते सांगतो. शिकवायच्या स्लाइडींची एक पेटी असते, वर्षानुवर्षं तीच. पोरं स्लाइड लेन्सखाली ठेवायच्या आधी ट्यूबलाइटकडे धरायची, कापाचा आकार बघायची, कोपरा उडालेला दिसला की "फॅटी लिव्हर" लिहून मोकळी! सीनियर लोक ज्युनियरना आकारच पाठ करून द्यायचे. त्यात रंग उजेडाने फिके पडत जातात, एखादी चांगली स्लाइड फुटली की गेली, आणि सर "हे बघा" म्हणाले तरी पोराला त्यांना हवी तीच पेशी दिसतेय की शेजारचा रंगाचा डाग, हे सरांना कळणार कसं? त्यामुळे मायक्रोस्कोप होता म्हणून सगळे पक्के झाले, हे काही मला पटत नाही.

माझी भाची सेकंड इयरला आहे. तिने एकदा टॅबवर टीबीच्या गाठीची पूर्ण स्कॅन केलेली स्लाइड उघडून दिली आणि म्हणाली, मामा, शोध. आधी लहान करून अख्खा काप बघितला, मधे गुलाबी, आकार नसलेला मेलेला भाग, मग त्याच्या कडेकडेने झूम करत गेलो तेव्हा कुठे घोड्याच्या नालेसारखी केंद्रकं मांडलेली ती टीबीच्या गाठीत दिसणारी मोठी लँगहान्स पेशी सापडली. 4एक्स, 10एक्स, 40एक्स, मायक्रोस्कोपवर ज्या क्रमाने जायचं त्याच क्रमाने! हे खरं डिजिटल. पण तिच्या वर्गात बहुतेक वेळा असतं काय, तर पीपीटीत एकच फोटो आणि त्यावर बाण. बाणाने सगळं सांगून टाकलं मग पोरांनी शोधायचं काय? आकार पाठ करत होती, आता फोटो पाठ करतात, एवढाच फरक.

पूर्ण स्लाइड स्कॅन करणं स्वस्त नाही हे मान्य. दीड सेंटिमीटर लांब-रुंद काप, एक पिक्सेल पाव मायक्रॉनचा, म्हणजे 360 कोटी पिक्सेल झाले. दाबून दाबून ठेवली तरी फाइल शेकडो एमबीची होते. म्हणून ती कॉलेजच्याच सर्व्हरवर ठेवावी, पोराच्या मोबाइल डेटावर सोडू नये.

आयोवा, मिशिगनसारख्या अमेरिकन युनिव्हर्सिट्यांनी आपल्या स्लाइडी नेटवर फुकट ठेवल्यात, जरूर बघाव्यात. पण 2021 मधे इंदूरला ब्लॅक फंगसचे किती पेशंट आले ते सगळ्यांना आठवत असेल, त्या कापांतले रुंद, काटकोनात फाटे फुटणारे फंगसचे धागे आपल्याच कपाटांत पडलेत. त्यांचा रंग उडायच्या आत पेशंटचं नाव-नंबर झाकून ते स्कॅन व्हायला हवेत, कुष्ठरोगाचेही. हे काम आपणच करायचं, दुसरं कोण येणार?

मायक्रोस्कोप मात्र मोडीत काढू नका. स्कॅनर साधारणपणे एकाच पातळीवर फोकस करतो, फाइन नॉब फिरवून खाली-वर बघायची सोय त्यात बहुधा नसते. आणि उद्या ह्याच पोरांची पोस्टिंग झाबुआ-बडवानीकडे झाली की मलेरियाची स्लाइड ऑइल लावून 100एक्सखालीच बघावी लागणार आहे, तिथे कुठला स्कॅनर!

माझं म्हणणं एवढंच आहे की परीक्षेत पूर्ण स्लाइड द्या, बाण नसलेली, दरवर्षी वेगळ्या पेशंटची, आणि उत्तराबरोबर कुठल्या भागात काय दिसलं तेही मुलांकडून स्क्रीनवर मार्क करून घ्या. मायक्रोस्कोपवरचे मार्क वेगळे ठेवा. मग कट्ट्यावर बसून कच्चे-पक्के ठरवू.

एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
रामबाग, इंदूर